सातवी 'ब'मधले आमचे सासरे

ज्या वर्षी आमच्या शाळेतले फळे काढून भिंतींवर मोठाले डिजिटल पडदे बसवले, त्याच वर्षी माझे सासरे सातवीत दाखल झाले. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि त्यांच्या वर्गाची शिक्षिका मी होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, "आता खरं काय ते सांगा." खरं हेच आहे.

शाळा उज्जैनच्या नानाखेड्याला, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीत. मी तिथे गणित शिकवते. घर माधव नगरात, आणि घरात आम्ही तिघं: मी, माझे यजमान आणि बाबा, म्हणजे सासरे. सासूबाई गेल्यापासून बाबांनी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. सकाळी पोहे, मग पेपर, मग दिवाणावर बसून गेटकडे बघणं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली होती आणि तिथून त्यांनी एकच तत्त्व घरी आणलं होतं: कागदावर चढलं ते खरं. एकदा म्हणे एका करंडीवर चुकून 'जिवंत कोंबड्या' अशी चिठ्ठी लागली आणि आत निघाले आंबे. दुरुस्तीचा हुकूम येईपर्यंत बाबांनी त्या आंब्यांना वेळेवर दाणापाणी दिल्याची नोंद ठेवली. हे ते विनोद म्हणून सांगत नसत. नियम कसा पाळावा, याचं उदाहरण म्हणून सांगत.

आमच्या शाळेचे मालक स्वतःला डायरेक्टर म्हणवतात. शाळेच्या जागी आधी त्यांचं मॅरेज गार्डन होतं. नवरा-नवरीचं स्टेज अजून तसंच आहे, त्यावर प्रार्थना होते. ते इंदूरला कसल्याशा मोठ्या संमेलनाला गेले आणि परत आले ते निराळेच होऊन. स्टाफरूममध्ये उभे राहून म्हणाले, "पढ़ाई और दवाई, दोनों में अब क्रांति आ रही है. हमको भी डिसरप्ट होना है."

संस्कृतच्या सरांनी हळूच विचारलं, "डिसरप्ट मतलब?"

"मतलब, जो है वो सब उखाड़ देना."

दुसऱ्या दिवशी फळे उखडले. त्या जागी बंगळुरूच्या एका कंपनीचे पडदे आले, मुलांच्या हातात टॅबलेट आले, आणि पाण्याच्या टाकीजवळ कपाटाएवढं एक पांढरं यंत्र येऊन उभं राहिलं. त्यावर उभं राहायचं, पट्ट्यात हात घालायचा, की वजन, उंची, बीपी, सगळं पडद्यावर. शिकवणार पण तीच कंपनी आणि तब्येत बघणार पण तीच. शिक्षकांना एक सवलत होती: घरातल्या एका वृद्धाचं नाव 'वरिष्ठ नागरिक आरोग्य योजने'त फुकट घालता येत होतं.

मी बाबांना घेऊन गेले. यंत्रापुढे रांग होती. बाबांच्या मागे सातवीत नवीन आलेली एक मुलगी उभी होती. तिचे वडील बँकेत, साताऱ्याकडून बदली होऊन आलेले. तिचं आणि बाबांचं आडनाव एकच, आणि नावाचं पहिलं अक्षरही एकच. बाबांना त्याचं इतकं कौतुक वाटलं की रांगेत उभ्या उभ्याच त्यांनी तिला गोत्र विचारलं. मग यंत्रानं दोघांचे फोटो काढले, दोघांना कार्डं दिली आणि काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन वाजला. आतून एक गोड आवाज म्हणाला, "गुड मॉर्निंग बेटा! आज हम सीखेंगे भिन्न. बैग जमा लिया?"

अपूर्णांक शिकवायला निघालेला तो फोन बाबांनी माझ्यापुढे धरला. "हे काय म्हणून राहिले?"

मी शाळेत गेले, तर वर्गात ती साताऱ्याची मुलगी बाकाला धरून गुडघे वाकवत होती. तिच्या टॅबलेटमधून आधीच भरून ठेवलेला एक छापील आवाज येत होता, "नमस्कार दादाजी. घुटना धीरे से मोड़िए. दर्द हो तो रुक जाइए."

कार्डांची अदलाबदल झाली होती. मला वाटलं, बदलून घेतली की संपलं. पण बाबांनी तिच्याकडचं कार्ड लावलं की यंत्र म्हणे, "यह आप नहीं हैं." तिनं बाबांकडचं लावलं तरी तेच. एकाचा फोटो आणि फोन नंबर दुसऱ्याच्या नोंदीवर चढला होता. यंत्राच्या लेखी बाबा बारा वर्षांची विद्यार्थिनी होते आणि ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची रुग्ण.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. "मैडम, विद्यार्थी की जानकारी बदल जाएगी. बस उसकी इस सत्र की हाज़िरी पूरी होनी चाहिए."

"अरे, पण ते विद्यार्थी नाहीतच! म्हणजे, वो विद्यार्थी हैं ही नहीं!"

"इसीलिए तो हाज़िरी कम दिख रही है मैडम."

चार दिवसांनी त्या मुलीची आई मला भेटायला आली. उज्जैनच्या आम्हा मराठी लोकांच्या बोलण्यात अर्धी हिंदी असते. ही बाई अस्सल साताऱ्याचं मराठी बोलत होती आणि रागानं ते आणखीच स्वच्छ झालं होतं. "अहो मॅडम, काल त्या फोनवरच्या रेकॉर्डिंगमधल्या बाईनं माझ्या पोरीला विचारलं, रात्री कवळी काढून ठेवता ना? तिचे दोन दुधाचे दात अजून पडायचेत! आणि अभ्यास कुठाय? टॅबलेट उघडला की सांगतो, दुपारी पडून राहा, फार विचार करू नका."

"मुलगी काय म्हणते?" मी विचारलं.

"तिला काय, बरंच आहे!" आई म्हणाली, आणि आम्हा दोघींना हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण प्रश्न खरा होता. पुस्तकंही बंद झाली होती. जे काही शिकायचं ते त्या टॅबलेटवरच.

मग श्रावण आला. श्रावणात महाकालाच्या सवारीमुळे, म्हणजे पालखीमुळे, उज्जैनच्या शाळा सोमवारी बंद असतात आणि रविवारी भरतात. हे आम्हाला सांगावं लागत नाही. पण यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हिशेबानं सोमवारी सगळी शाळा दांडी मारत होती आणि रविवारी अनोळखी माणसं इमारतीत घुसत होती. डायरेक्टर साहेबांच्या फोनवर लाल खुणांची रांग लागली. कंपनीनं कळवलं की हजेरी सुधारली नाही तर शाळेचं नाव 'आदर्श शाळां'मधून काढू. त्यांनी मला बोलावलं.

"मैडम, सातवीं-ब में एक बच्चा पहले दिन से गायब है."

"सर, ते माझे सासरे आहेत."

"मालूम है. तो ले आइए ना बाबूजी को. बैठे रहेंगे पीछे. घर में भी तो बैठे ही हैं."

मी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. यजमान हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "नाव माझं हजेरीत आहे?"

"आहे, पण चुकीनं."

"चूक का असेना, आहे तर खरं. मग न जाणं म्हणजे गैरहजर राहणं. नोकरीत मी एक दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलेलो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डबा, पाण्याची बाटली. आम्ही ई-रिक्षानं गेलो. शाळेच्या गेटपाशी ते थांबले आणि म्हणाले, "तू हो पुढे. विद्यार्थ्यानं मॅडमसोबत आत जाणं बरं दिसत नाही."

मी वर्गात शिरले तशी मुलं उभी राहिली, आणि शेवटच्या बाकावरून, बाकाचा आधार घेत, बाबाही उभे राहिले. लग्न होऊन आल्यापासून ते खोलीत आले की मी उठून उभी राहते. आमच्याकडे तशी रीतच आहे. आज ते माझ्यासाठी उभे होते. माझ्या हातातला खडू... खडू कुठला, ती पडद्याची पेन्सिल होती, ती खाली पडली.

"बाबा, बसा ना तुम्ही," मी म्हणाले. वर्ग फिसकन हसला.

"मॅडम," बाबा गंभीरपणे म्हणाले, "वर्गात बाबा म्हणायचं नाही."

पडद्यानं त्यांचा चेहरा ओळखला, टिंग वाजलं, आणि सातवी 'ब' पहिल्यांदा हिरवी झाली.

ती साताऱ्याची मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्या दोघांनी आपसात काय ठरवलं ते मला पुढच्या काही दिवसांत हळूहळू कळलं. बाबांना विद्यार्थी म्हणून मिळालेल्या टॅबलेटवर अपूर्णांक यायचे, ते ती सोडवायची. तिच्या टॅबलेटवर गुडघ्यांचे व्यायाम यायचे, ते बाबा करायचे. तिला तिचा अभ्यास मिळत होता आणि त्यांना त्यांचा इलाज. कंपनीनं जे बिघडवलं होतं ते त्यांनी शेवटच्या बाकावर गुपचूप जमवून टाकलं होतं. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पण यंत्रावर दर आठवड्याला ज्याचं त्यालाच उभं राहावं लागे. एके संध्याकाळी मला कंपनीतून एका बाईंचा फोन आला. त्या मुलांच्या समुपदेशक होत्या.

"आपके बच्चे को लेकर चिंता है. इतने महीनों में लंबाई बिल्कुल नहीं बढ़ी. और ब्लड प्रेशर! इस उम्र में? घर में पढ़ाई का दबाव तो नहीं?"

मी म्हणाले, "देखिए, वो बच्चा नहीं हैं. मैं उनकी बहू हूँ."

"अच्छा, बुआ हैं आप. बच्चे के माता-पिता से बात हो सकती है?" 'बहू'ची बुआ, म्हणजे आत्या, झाली होती.

"माता-पिता तो कब के गुज़र गए. पर सुनिए..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. मग त्या भरल्या आवाजात म्हणाल्या, "कोई बात नहीं. अब हम हैं." आणि फोन ठेवला. मी परत लावला तर हेल्पलाइनचा तो नम्र मुलगा लागला. म्हणाला, शिकायत दर्ज हो गई है.

त्या दिवसापासून त्या बाई रोज संध्याकाळी बाबांना फोन करू लागल्या. म्हाताऱ्यांच्या योजनेत छापील आवाज होता. मुलांच्या योजनेत जिवंत माणूस. बाबांच्या वाट्याला चुकून माणूस आला होता.

"बेटा, खाना खाया?"

"हाँ बेटी, खाया. दाल-चावल."

"आवाज़ बहुत भारी हो रही है तुम्हारी."

"सर्दी है थोड़ी."

"नहीं नहीं, इस उम्र में होती है. घबराना मत."

पहिल्या दोन दिवसांनंतर बाबांनी फोन स्पीकरवर ठेवणं सोडलं. व्हरांड्यात जाऊन बोलत. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं, की मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. तर म्हणाली, कभी-कभी दुख में ऐसा ही लगता है." बाबांनी फोन खिशात ठेवला. "चुकीचं नाही बोलली. चांगली पोर आहे." मग ते संध्याकाळी चालायलाही जाऊ लागले, कारण तिनं मैदानात खेळायला सांगितलं होतं. माधव नगरातले आमचे नेहमीचे डॉक्टर, ज्यांच्या गोळ्या बाबांना पहिल्यापासून चालू होत्या, त्यांनी बीपी तपासलं आणि विचारलं, "काय नवीन सुरू केलंय?" बाबा म्हणाले, "शाळा."

दिवाळीनंतर डायरेक्टर साहेब नाचतच स्टाफरूममध्ये आले. कंपनीचे सर्वांत मोठे साहेब स्वतः बंगळुरूहून येणार होते. आमच्या शाळेत म्हणे दोन चमत्कार झाले होते. पहिला: बुआकडे राहणारी एक अनाथ विद्यार्थिनी, जी आधी शाळेतच येत नव्हती, ती सगळ्या विषयांत पहिली आली होती. दुसरा त्याहून मोठा: योजनेतल्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांचं बीपी, नाडी, वजन सगळं तरुण मुलासारखं झालं होतं, आणि त्यांची उंची वाढली होती.

"लंबाई बढ़ी है मैडम! अठहत्तर में!" डायरेक्टर साहेबांचे डोळे पाणावले.

"सर, ते दोघं कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे."

"मुझे मालूम है," ते हळू आवाजात म्हणाले. "उनको थोड़े ही मालूम है."

कार्यक्रम त्या नवरा-नवरीच्या स्टेजवरच झाला. झेंडूच्या माळा, लाल गालिचा, समोर मुलं आणि पालक. मोठे साहेब पस्तिशीचे असतील. बूट पांढरे, बोलणं शांत. त्यांनी सांगितलं की शिक्षक आणि डॉक्टर या दोन्ही जुन्या गोष्टी आहेत, आणि पुरावा आज इथे बसला आहे. मग निवेदिकेनं पुकारलं, "स्वागत कीजिए, हमारे सबसे जवान दादाजी!"

दोन वेण्या हलवत ती साताऱ्याची मुलगी स्टेजवर चढली. टाळ्या थांबल्या. साहेबांच्या हातात शाल होती. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा डायरेक्टरकडे, एकदा कॅमेऱ्याकडे. मग त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, हातात श्रीफळ दिलं आणि वाकून नमस्कारही केला. शाल तिच्या पायांत अडकत होती.

"और अब हमारी होनहार बिटिया, जिसने माँ-बाप को खोकर भी हिम्मत नहीं हारी!"

बाबा कठड्याला धरून सावकाश पायऱ्या चढले. साहेबांनी त्यांना गुलाबी दप्तर दिलं, पाण्याची बाटली दिली, आणि ठरल्याप्रमाणे त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या डोक्यावरचा पस्तिशीचा हात बघून माझे यजमान खुर्चीतच ताठ झाले. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

बाबांनी माइक मागितला. मला वाटलं, आता सगळं संपणार.

"मैं रेलवे का रिटायर आदमी हूँ," बाबा म्हणाले. "ये बच्ची नहीं हूँ. वो बच्ची दादाजी नहीं है. मशीन से गलती हुई है, दर्ज करवा चुके हैं. जब तक सुधार नहीं आता, हम दोनों अपना-अपना काम कर रहे हैं."

डायरेक्टर साहेबांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. मग मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली. "कितनी विनम्रता," ते म्हणाले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले आणि नाश्त्याला कचोरी होती.

साताऱ्याच्या त्या बाई कचोरीची बशी घेऊन माझ्याजवळ आल्या. "मॅडम, आता काय करायचं?"

"खाऊन घ्या," मी म्हणाले.

पुढे काही करावंच लागलं नाही. संक्रांत झाली आणि एके दिवशी पडदे काळे पडले. कंपनीनं धंदा बदलला होता. शिक्षण आणि आरोग्य यांत आता क्रांती करण्यासारखं फार उरलं नाही, असं त्यांच्या लक्षात आलं म्हणे. ते आता क्षिप्रेच्या राम घाटावर पूजा आणि गुरुजी मोबाइलवर ठरवून देणार होते. एक-दोन गुरुजींना टॅबलेटही दिले. यंत्र टाकीजवळ बंद उभं राहिलं आणि मुलं त्याच्या पट्ट्यात डबे अडकवू लागली. आम्ही भिंतींना काळा रंग मारून घेतला, बाजारातून सातवीची पुस्तकं आणली आणि परीक्षा तोंडावर आली म्हणून धावत सुटलो.

संध्याकाळचा फोनही बंद झाला. बाबांनी दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग त्या नंबरावर स्वतःच लावून बघितला. नंबर अस्तित्वात नव्हता. ते म्हणाले, "तिची नोकरी गेली असेल." त्या रात्री ते जेवले नाहीत नीट.

आता हजेरी नव्हती, कार्ड नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, उद्यापासून यायची गरज नाही."

"परीक्षा महिन्यावर आली आणि शाळा सोडू?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

ते परीक्षेला बसले. डायरेक्टर साहेबांनी हरकत घेतली नाही. बंगळुरूचे लोक परत येतील अशी आशा त्यांना अजून होती. पेपर कागदावर होता आणि शेजारी ती मुलगी नव्हती. तिला नंबरानुसार पुढच्या रांगेत बसवलं होतं. वर्षभर बाबांचे अपूर्णांक तिनं सोडवले होते. बाबांनी गुडघे तेवढे वाकवले होते. भूगोलात त्यांना चांगले मार्क पडले, कारण सगळी स्टेशनं पाठ. हिंदी, विज्ञान बरं. गणिताचा पेपर तपासायला माझ्याकडे होता. मी तो तीनदा तपासला. बाबा नापास होते.

घरी यजमानांना सांगितलं. ते भडकले. "अगं, पाच-सहा मार्कांचा प्रश्न आहे. देऊन टाक. ती काय कलेक्टरची परीक्षा आहे?"

"मग बाकीच्यांनाही द्यावे लागतील."

"बाकीचे तुझे सासरे नाहीत!"

आतून बाबांचा आवाज आला, "मार्क कोणी द्यायचे नाहीत." ते बाहेर आले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पेपर बघायला मिळतो का?"

मी पेपर दिला. ते बराच वेळ लाल खुणा बघत बसले. मग म्हणाले, "छेद समान करायचा राहिला," आणि आत गेले. दोन दिवस ते माझ्याशी अगदी मोजकं बोलले. भाजीत मीठ कमी होतं तर तेही बोलले नाहीत. मला वाटायला लागलं होतं की यजमानांचं ऐकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ती साताऱ्याची मुलगी वही घेऊन दारात उभी. बाबांनीच तिला बोलावलं होतं. नापास मुलांची परीक्षा सुट्टीनंतर पुन्हा होते, हे ते शाळेत जाऊन विचारून आले होते. सगळा उन्हाळा कूलरसमोर तिनं त्यांना अपूर्णांक शिकवले. ती रागवायची सुद्धा. "आजोबा, परत तेच! खालचे आकडे वेगळे असताना बेरीज कशी कराल?" बाबा म्हणायचे, "चुकलं, चुकलं. पुन्हा सांग." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. मी परीक्षक होते, ते नियमात बसलं नसतं.

जूनमध्ये ते पास झाले. काठावर, पण पास.

प्रगतिपुस्तक मीच भरलं, मीच वर्गशिक्षिका म्हणून सही केली आणि शाळेत त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळी घरी कणीक मळत होते तर ते प्रगतिपुस्तक घेऊन ओट्यापाशी येऊन उभे राहिले. खाली 'पालकाची सही' अशी रिकामी रेघ होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि खिशातलं पेन काढून दिलं.

"बाबा, मी कशी करू? तुमच्या मुलाला सांगा."

"त्यानं मार्क द्यायला सांगितले होते," बाबा म्हणाले. "तू कर."

मी पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं. आठवीत जाणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. आठवीत बीजगणित सुरू होतं. या वयात झेपायचं नाही." आणि मग, मी येईपर्यंत चहा टाक, असं सांगून ते चालायला निघून गेले.